काटा खरं सांगतोय का?

चाळीसगावहून कन्नडकडे येणारा औट्रम घाट भरलेल्या जुन्या ट्रकचा घाम काढतो. चढणीवर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात शिरला, की दोष इंजिनचा की गेजचा, हा पहिला प्रश्न.

सुरुवात कूलंटपासून, तेही इंजिन थंड असताना. पातळी उतरली तर सेंडरभोवती (तापमान मोजून गेजला कळवणारा सेन्सर) पाण्याऐवजी वाफ राहते, आणि इंजिन तापूनही काटा खालीच दिसू शकतो. सर्वात घातक चूक हीच.

एका वायरच्या जुन्या सेंडरची तपासणी सोपी आहे. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स घटतो. स्विच चालू ठेवून वायर काढली, तर काटा थंडकडे पडायला हवा. वायर क्षणभर बॉडीला टेकवली, तर गरमकडे धावायला हवा. तसं झालं तर संशय सेंडरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर. काटा हललाच नाही, तर वायरिंग किंवा गेज तपासा. (ईसीएम, म्हणजे इंजिनचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, असलेल्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग नको.) हेडलाइट लावताच काटा सरकतो? मग डॅशबोर्डची अर्थ वायर घासून घट्ट करा.

सेंडरच्या आट्यांना जाड टेफ्लॉन टेप गुंडाळल्यानेही अर्थिंग तुटतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सेंडर काढून उकळत्या पाण्यात मल्टीमीटरने मोजता येतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच, म्हणून इथे पाणी साधारण 98 अंशांवरच उकळतं. तेवढा फरक धरा.

गेज बरोबर ठरलं, तर थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट आणि रेडिएटर पाहा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही उघडू नये.