खारं पान, अळणी नमुना

सकाळी ७.००

इन्क्युबेटरचा आकडा ३७ वर आहे, म्हणजे रात्री वीज गेली असली तरी फार वेळ गेलेली नाही. आतल्या ट्यूबांमध्ये ट्रिप्सिन रात्रभर द्राक्षाच्या पानातली प्रथिनं कापत होतं. लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्यापुढे तोड. आता त्याला थांबवायचं. प्रत्येक ट्यूबमध्ये ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडचा थेंब पडला की द्राव फसफसतो, कारण बफरमधल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. झाकण लगेच दाबायचं नाही, नाहीतर ते उडून नमुना छताला. पीएचच्या पट्टीवर रंग ३ च्या खाली आला की ट्रिप्सिनची सुट्टी.

ही पानं निफाड तालुक्यातल्या एका क्षारपड मळ्यातली. जमिनीला निचरा नाही, विहिरीचं पाणी खारवट, पानांच्या कडा करपलेल्या. वेल मीठ सोसणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावरची असली तरी मिठापुढे तिचंही काही चालत नाही असे पट्टे या भागात आहेत. मीठ अंगावर आलं की वेल कोणती प्रथिनं जास्त करते आणि कोणती कमी, एवढंच आम्हाला बघायचंय. आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर ते बघायचं तर नमुन्यात मिठाचा कणही नको.

८.१५

चहा पिऊन मीठ काढायच्या टिपा करायला बसते. बाजारात तयार टिपा मिळतात; १० मायक्रोलिटरच्या टिपेच्या टोकाला रेझिनचा ठिपका बसवलेला असतो. त्यांची किंमत बघितली की वापरलेली टिप धुऊन ठेवायचा मोह होतो. आम्ही हातानं करतो. रापसिल्बर, इशिहामा आणि मान या तिघांनी २००३ मध्ये ही युक्ती छापली: सी-१८ च्या पातळ पडद्यातून बोथट सुईनं बारीक चकती कापायची आणि तारेनं ती साध्या टिपेच्या निमुळत्या टोकात ढकलायची. चकती सैल बसली तर नमुना बाजूनं निसटतो, फार ठासली तर काही उतरतच नाही. किती जोर लावायचा हे कोणत्याही लेखात लिहिलेलं नाही, ते बोटांनाच कळतं.

सी-१८ म्हणजे सिलिकाच्या कणांवर १८ कार्बनांच्या शेपट्या. पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या कापलेल्या तुकड्यांचा, पाणी टाळणारा भाग या शेपट्यांना धरून राहतो. मिठाला धरण्यासारखं तिथं काही नसतं. तेलकट ताट नळाखाली धरावं तसं: पाणी वाहून जातं, तेल बसलेलं राहतं.

९.३०

आधी मिथेनॉल, मग ॲसिटोनायट्राइल, मग आम्लयुक्त पाणी, प्रत्येक वेळी सेंट्रीफ्यूजमध्ये हलका फेरा. चकती मध्येच कोरडी पडू द्यायची नाही. पाणी १८.२ मेगओमचं. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी प्यायला गोड असलं तरी इथं त्याचा उपयोग नाही.

मग नमुना चढवायचा, सावकाश. जे खाली उतरतं ते फेकायचं नाही; पेप्टाइड चिकटलीच नसतील तर ती त्यातच असतील. त्यानंतर आम्लाच्या पाण्यानं धुणं. मीठ म्हणजे इथं फक्त स्वयंपाकघरातलं नव्हे. पोटॅशियम आहे, बफर आहे, उरलेला युरिया आहे, सगळं याच धुण्यात जायला हवं.

आणि इथंच आमच्या लॅबमध्ये मतभेद आहेत. आमचे सर म्हणतात, तीनदा धुवा. मी म्हणते, दोनदा पुरे. प्रत्येक धुण्याबरोबर आखूड, पाण्यात रमणारी पेप्टाइडही वाहून जातात, आणि ती गेली हे कुठंच दिसत नाही. मीठ राहिलं तर आलेखावर लगेच कळतं. निघून गेलेल्या पेप्टाइडबद्दल आलेख गप्प असतो, आणि वाचणारा समजतो की वेलीनं ते प्रथिन केलंच नाही. मला ही दुसरी चूक जास्त घातक वाटते.

शेवटी ५० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि थोडं फॉर्मिक ॲसिड घालून पेप्टाइड सोडवून घेते. इथं ट्रायफ्लुओरो नको, ते इलेक्ट्रोस्प्रेमध्ये सिग्नल दाबतं.

११.४५

मळ्याचे मालक स्वतः पानं घेऊन आले. थर्मासच्या डब्यात बर्फ, पिशव्यांवर ओळीचे नंबर मार्करनं लिहिलेले. द्राक्षवाल्यांना नमुना देणं शिकवावं लागत नाही. देठ तपासणीची त्यांना सवय असते. टेबलावरच्या टिपा बघून त्यांनी विचारलं, “मॅडम, सगळा ताप मिठाचा, अन् तुम्ही मीठच काढून टाकता. मग तपासता काय?”

“मीठ किती आहे ते तुमच्या देठाच्या रिपोर्टात आलंय, काका. मीठ आल्यावर वेलीनं काय केलं, ते बघतोय.”

“आमची वेल काय करती ते मी सांगतो. वाळती.”

तरी ते बसले. तंबाखूच्या पेशी मिठाला सरावल्या की एक प्रथिन ढिगानं साठवतात, हे १९८० च्या दशकात अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात दिसलं, आणि त्याचं नाव ऑस्मोटिन पडलं, हे मी त्यांना सांगितलं. त्याच्याच कुळातली प्रथिनं द्राक्षाच्या मण्यात असतात. व्हाइट वाईन गढूळ होते ती त्यांच्यामुळेही, म्हणून वाईनवाले बेंटोनाइटची माती घालून ती खाली बसवतात. ही गोष्ट त्यांना पटली. जावई वायनरीत आहे म्हणाले.

१.००

नमुने व्हॅक्यूममध्ये सुकायला लावून डबा खाल्ला.

२.००

नवी पानं द्रव नायट्रोजनमध्ये कुटायची. द्राक्षाचं पान या कामाला फार कटकटीचं आहे. टॅनिन आणि फेनॉलिक द्रव्यं इतकी, की साध्या बफरमध्ये कुटलं तर तपकिरी राडा होतो. म्हणून फिनॉलनं प्रथिनं ओढून घ्यावी लागतात. त्या पद्धतीच्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड असतं आणि मिठाच्या धास्तीनं ते वगळलं तर पेशीभित्तीला चिकटलेली प्रथिनं सुटत नाहीत. म्हणजे मळ्यातलं मीठ कमी पडलं म्हणून आम्ही पदरचं घालतो.

तोडगा असा की पुढे जे जे घालायचं ते शक्यतो उडून जाणारं हवं. प्रथिनं खाली बसवायला मिथेनॉलमधला अमोनियम ॲसिटेट, कापताना अमोनियम बायकार्बोनेट. दोन्ही सुकवताना वाफेबरोबर निघून जातात. सोडियम फॉस्फेटचं तसं नाही, द्राव आटला की त्याचे स्फटिक उरतात. मीठ काढायच्या उत्तम पद्धतीबद्दल विद्यार्थी फार विचारतात. मी त्यांना आधी बफरची बाटली दाखवायला सांगते.

५.००

सुकलेल्या ट्यूबांवर पॅराफिल्म, बर्फाचा डबा, पुण्याचं पार्सल. मास स्पेक्ट्रोमीटर तिकडं आहे. तिथल्या ऑपरेटरांना फोन केला. मागच्या खेपेचे आलेख बरे आले. एका नमुन्यात मात्र प्रत्येक शिखराशेजारी २२ एककांवर छोटं जुळं शिखर. हायड्रोजनच्या जागी सोडियम बसला की बरोबर एवढंच वजन वाढतं. पोटॅशियम बसला तर ३८. एकच पेप्टाइड तीन-चार शिखरांत वाटलं गेलं की प्रत्येक शिखर ठेंगणं होतं आणि मुळात कमी असलेलं पेप्टाइड तर दिसेनासंच होतं.

जॉन फेन यांना २००२ चं नोबेल मिळालं ते बारीक भारित थेंबांच्या फवाऱ्यातून प्रथिनांचे अखंड रेणू उडवायच्या याच पद्धतीसाठी. त्या थेंबात मीठ असलं की भार आधी तेच बळकावतं, आणि वाफ होत नसल्यामुळे यंत्राच्या तोंडाशी पांढरा थर धरतं. पुण्याच्या यंत्राला पुढे एक ट्रॅप कॉलम आहे, तोही मीठ धुतो. मग हातानं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं, “ताई, माझा कॉलम आतून ७५ मायक्रॉनचा आहे. तुमच्या द्राक्षाचा चोथा त्यात नको.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

६.३०

कालच्या खेपेची प्रथिनं ८ मोलर युरियात विरघळवली. गरम करून काम लवकर उरकायचा मोह इथं आवरायचा. ३७ च्या वर युरियाचा तुकडा प्रथिनांनाच चिकटतो आणि वजनात ४३ ची खोटी भर पडते. मग डीटीटी, मग अंधारात आयोडोॲसिटामाइड, मग युरिया १ मोलरपर्यंत पातळ केला. पन्नास भाग प्रथिनाला एक भाग ट्रिप्सिन.

या वेळी प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन ट्यूब केल्यात. उद्या त्यातली एक दोनदा धुवायची, दुसरी तीनदा. सरांना अजून सांगितलेलं नाही.