जपानमधील प्रवाळ-मत्स्यालये

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाची अंगठी किंवा एखाद्या आजीबाईंच्या गळ्यातील माळ उभी राहते. ते तांबडे पोवळे खोल, काळोख्या समुद्रात वाढते. आम्हांस येथे ज्याविषयी लिहावयाचे आहे ते प्रवाळ त्याचे दूरचे भाऊबंद होत. ते उथळ, उबदार आणि उन्हाने उजळलेल्या पाण्यात राहतात व त्यांच्याच सांगाड्यांचे थरांवर थर साचून समुद्रात प्रवाळभित्ती तयार होतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि गोव्यात मुरगावजवळच्या ग्रांदे बेटापाशी असे प्रवाळ आपल्याकडेही आहेत. भारतात २००१ पासून त्यांना वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी बादली घेऊन मालवणला धावू नये!

प्रवाळ दिसतो झुडपासारखा किंवा दगडासारखा, पण तो प्राणी आहे; किंबहुना एकमेकांस चिकटून राहिलेल्या शेकडो बारीक प्राण्यांची ती वसाहत आहे. प्रत्येकाला इवलेसे तोंड असते आणि तोंडाभोवती हातांसारख्या शुंडा असतात. त्याच्या अंगातील पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. भाडेकरूने घरमालकाला जेवू घालावे, तसाच हा प्रकार! म्हणून प्रवाळ पाळणे म्हणजे एकाच वेळी एक प्राणी व एक वनस्पती सांभाळणे होय. उजेड कमी पडला तर भाडेकरू उपाशी राहतो आणि पाणी प्रमाणाबाहेर तापले तर तो घर सोडून जातो. मग प्रवाळ पांढराफटक पडतो आणि ही स्थिती लांबली तर मरतो.

हे नाते उलगडण्यात जपानी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. प्रशांत महासागरातील पलाऊ बेटे पूर्वी जपानच्या ताब्यात होती. तेथे कोरोर गावी १९३४ ते १९४३ या काळात जपानचे एक संशोधनकेंद्र चालू होते. तेथील शिरो कावागुती या संशोधकांनी प्रवाळ पात्रात ठेवून तो उजेडात किती प्राणवायू सोडतो व अंधारात किती घेतो, याचे मोजमाप केले. त्यांनीच पुढे प्रवाळातील शैवाल वेगळे काढून पात्रात वाढविले आणि ते कोणत्या कुळातील आहे हे १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. जग महायुद्धात होरपळत असताना हा निबंध छापला गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पेटीतील पाणी वारंवार पूर्ण बदलले म्हणजे मासे सुखी राहतात, अशी आमची पूर्वी समजूत होती आणि त्यापायी आम्ही काही मासे गमावलेही. खरी सफाई करणारे असतात ते वाळूवर वाढणारे जिवाणू. माशांच्या विष्ठेपासून होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट व नंतर बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. सगळी पेटी घासूनपुसून लख्ख केली की हे सेवकही धुऊन जातात. साएकी यांनी १९५८ मध्ये आणि त्यांच्यामागून हिरायामा यांनी, तेच पाणी वाळूतून फिरवीत ठेवणाऱ्या पेट्यांचा अभ्यास केला. इतक्या माशांसाठी इतकी वाळू हवी, असा हिशेब त्यातून मांडता येऊ लागला. माशांना एवढ्यावर भागते. प्रवाळाला मात्र भागत नाही. नायट्रेट साचले की पेटीत हिरवे शेवाळ माजते व प्रवाळ गुदमरतो. शिवाय सांगाडा बांधण्यासाठी त्याला पाण्यातील चुना सतत लागतो. तो संपत जातो आणि पुन्हा घालावा लागतो. टोकियोचा उन्हाळा कडक असल्यामुळे घरी प्रवाळ पाळणाऱ्या हौशी माणसाला पाणी थंड ठेवणारे यंत्रही दिव्याइतकेच आवश्यक होऊन बसते.

ओकिनावा बेटावरील चुराउमी मत्स्यालयाने ही सारी यातायात एका साध्या युक्तीने टाळली. २००२ साली उघडलेले हे मत्स्यालय त्यातील ७५ लाख लिटरच्या प्रचंड टाकीमुळे आणि तिच्यात फिरणाऱ्या देवमुशीमुळे प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांची झुंबड तेथेच उडते. आम्हांस मात्र तेथील प्रवाळांची टाकी अधिक मोलाची वाटते. तिच्यावर छप्पर नाही. ऊन सरळ पाण्यात उतरते, आणि किनाऱ्यापासून सुमारे ३५० मीटर दूर, २० मीटर खोलीवरून उपसलेले ताजे समुद्रजल तिच्यात अहोरात्र खेळत असते. ७० च्या आसपास जातींचे प्रवाळ तेथे नांदतात आणि ठरल्या ऋतूत रात्री अंडीही सोडतात. समुद्राची नक्कल करण्याऐवजी समुद्रालाच आत बोलावले, असे म्हणता येईल.

पण समुद्रच आजारी पडला तर? १९९८ च्या उन्हाळ्यात ओकिनावाभोवतीचे पाणी तापले आणि प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०१६ मध्ये दक्षिणेकडील इशिगाकी व इरिओमोते या बेटांमधील प्रसिद्ध प्रवाळक्षेत्रावर तोच प्रसंग ओढवला. तेथील सुमारे ७० टक्के प्रवाळ मेल्याचे जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाहणीत आढळले. बाहेरचे पाणी आत घेणाऱ्या टाकीला बाहेरचे दुखणेही आत घ्यावे लागते. म्हणून समुद्रापासून तोडलेल्या, कृत्रिम खाऱ्या पाण्याच्या पेटीला आता वेगळेच महत्त्व आले आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०१३ मध्ये अशा पेटीत दिवे, पाण्याची उष्णता व चंद्रप्रकाश यांचे वेळापत्रक पाळून प्रवाळांकडून अंडी सोडवून घेतली होती. टोकियोतील इनोका या कंपनीने पुढचे पाऊल टाकले. तिने पेटीतील ऋतुचक्रच ४ महिने सरकविले. ओकिनावात जूनच्या सुमारास अंडी सोडणाऱ्या प्रवाळांनी तेथे २०२२ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, अंडी सोडली. वर्षातून जेमतेम काही रात्री मिळणारी संधी निरनिराळ्या पेट्यांत निरनिराळ्या महिन्यांत मिळू लागली, तर कोणती पिल्ले उष्णता अधिक सोसतात हे पाहण्यास वर्षभर थांबावे लागणार नाही.

जाता जाता एक गंमत. जपानी भाषेत तीनला ‘सान’, पाचला ‘गो’ आणि प्रवाळाला ‘सांगो’ म्हणतात. म्हणून तिसऱ्या महिन्याची ५ तारीख, म्हणजे ५ मार्च, हा तेथे प्रवाळदिन मानला जातो. ओकिनावातील ओन्ना गावचे कोळी समुद्राच्या तळाशी लोखंडी कांब्या रोवून त्यांवर प्रवाळांची रोपे वाढवितात व ती मेलेल्या भित्तींवर लावतात. पेटीत वाढलेली पिल्लेही शेवटी तेथेच, त्याच तापणाऱ्या पाण्यात जावयाची आहेत. त्यांतील किती तगतील, हे सांगण्यास अजून पुष्कळ उन्हाळे जावे लागतील.