भांडण मिटवायचंय? मासे वाढवा

टायगर बार्बच्या जबड्यात एकही दात नसतो. तरीही टाकीत त्याच्यासोबत ठेवलेल्या एंजल माशाच्या परांचे लांब धागे काही दिवसांत कातरल्यासारखे दिसू लागतात, फायटरची झुबकेदार शेपटी झिरझिरीत होते आणि मालक बिचारा फिल्टरवर संशय घेत बसतो. कातरणारा तर समोरच असतो. जेमतेम अडीच इंचांचा, पिवळसर सोनेरी अंगाचा, अंगावर चार काळे उभे पट्टे आणि परांना लाल किनार. पहिला पट्टा बरोबर डोळ्यावरून गेलेला, त्यामुळे डोळा कुठे आहे हे पटकन कळत नाही. दुकानात याला नुसतं ‘टायगर’ म्हणतात.

दात नाहीत म्हणजे तोंडात नाहीत, घशात आहेत. हा मासा आपल्या रोहू-कटलाच्या कुळातला. या कुळातले मासे ओठांनी घास ओढून घेतात आणि घशातल्या दातांनी चिरडतात. त्याहून नवल म्हणजे या कुळाला जठरच नसतं, घशातून अन्न सरळ आतड्यात. साठवायला जागा नाही म्हणून दिवसभर थोडंथोडं टिपत राहायचं. टाकीच्या काचेला नाक लावून पाहा. बोट दिसलं की सगळे वर धावतात, दाणा पाण्यावर पडायच्या आत दोघे-तिघे एकमेकांवर आदळतात, एक दाणा तोंडात धरून पळतो आणि बाकीचे स्वतःसमोरचा दाणा सोडून त्याच्याच मागे लागतात. जे हलतं ते तोंडात घेऊन पाहायचं, हा यांचा स्वभाव. संथ हलणारा लांबलचक पर दिसल्यावर हे गप्प कसे बसणार?

मूळ घर सुमात्रा बेटावरचं. तिथल्या जंगलांतल्या, वाळू-दगडांच्या आणि पाणवनस्पतींच्या ओढ्यांत हा राहतो. डच लष्करातला डॉक्टर पीटर ब्लीकर याने 1855 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नोकरी डॉक्टरची आणि वेड माशांचं, असा हा गृहस्थ. त्यानंतर या माशाचं शास्त्रीय नाव इतक्या वेळा बदललं की जुनी पुस्तकं चाळताना गोंधळ उडतो. 2013 मध्ये मॉरिस कोटेलाट या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘पुंटिग्रस’ ही वेगळी प्रजाती केली. त्याच वर्षी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या, लाल रेघेच्या देखण्या डेनिसन बार्बलाही ‘सह्याद्रिया’ हे नवं प्रजातिनाम मिळालं. आपल्या डोंगराचं नाव मिरवणारा असा एक भाऊबंद आहे, हे हौशी मंडळींनाही फारसं ठाऊक नसतं.

आता खरी गंमत. दहा-बारा टायगर लांब टाकीत पोहत असले आणि खोलीत कुणी दार आपटलं, तर सगळे एका क्षणात वळतात. पुढारी कुणी नाही, इशारा कुणी केलेला दिसत नाही आणि टक्करही होत नाही. हे जमतं कसं? डोळे तर आहेतच. शिवाय माशांच्या डोक्यावर आणि कुशींवर सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, वर जेलीसारखी टोपी. शेजाऱ्याच्या शेपटीने पाणी हललं की ही टोपी कलते आणि त्याची दिशा, वेग मेंदूला समजतो. या यंत्रणेला पार्श्वरेषा म्हणतात. 1976 मध्ये पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या संशोधकांनी उत्तरेकडच्या समुद्रातल्या सेथ माशांच्या डोळ्यांवर तात्पुरती अपारदर्शक झाकणं बसवली आणि ते थव्यात सोडले. दिसत काहीच नसताना ते थव्यात आपली जागा धरून पोहत राहिले!

दहा वर्षांनी क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने उलट्या बाजूने कोडं सोडवलं. त्याने पडद्यावरच्या ठिपक्यांना तीनच नियम दिले: शेजाऱ्याला धडकू नको, तो जातो त्याच दिशेने जा, घोळक्याच्या मध्याकडे सरक. एवढ्यावर ठिपक्यांचे थवे तयार झाले. प्रत्येकाने फक्त जवळच्या शेजाऱ्यांकडे पाहायचं, बाकी आपोआप होतं. थवा करण्याचं कारण मात्र मुळीच उदात्त नाही. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने 1971 मध्ये मांडलं की कळपातला प्रत्येक जण आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसऱ्या कुणालातरी ठेवू पाहतो. म्हणजे ही एकी स्वार्थाची आहे. त्यात पट्ट्यांची भर: सगळे एकत्र हलले की एका माशाचं अंग कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं, हे शिकाऱ्याला उमगत नाही.

थव्यात वासाचीही भाषा असते. मधमाश्यांच्या नाचासाठी प्रसिद्ध असलेल्या कार्ल फॉन फ्रिश याने 1938 मध्ये दाखवलं की मिन्नो माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचे घाबरून पळतात. मिन्नो हा बार्बच्या जवळच्या नात्यातला. म्हणून मासा पकडताना जाळी घाईने फिरवू नये. एकाचं अंग खरचटलं तर भीती साऱ्या टाकीत पसरू शकते.

थवा असला म्हणजे गुण्यागोविंदाने नांदतात असं मात्र नाही. टायगरच्या टोळीत वरचढ कोण, याचा निकाल रोज नव्याने लागतो. दोन नर समोरासमोर येतात, डोकं खाली करून पर ताणतात, एकमेकांभोवती गिरक्या घेतात, मग एक जण पळ काढतो. नराचं नाक अशा वेळी लालबुंद दिसतं, मादी त्या मानाने थोराड आणि गोल पोटाची. टोळी आठ-दहाची असली की ही मारामारी वाटली जाते. आज हा पळतो, उद्या तो, इजा कुणालाच फारशी होत नाही आणि दिवस असा गेल्यावर परक्यांची खोडी काढायला सवड उरत नाही. तीनच मासे असले तर दोघे मिळून तिसऱ्याचा जीव नकोसा करतात. एकटा असला तर गप्पी आणि एंजलचे पर कातरणं हा त्याचा रिकामपणचा उद्योग होतो.

आणि आपल्याकडे मासे विकतात कसे? जोडीने! कुर्ल्याचा बाजार असो की गावातलं एखादं दुकान, भाव जोडीचा असतो. गिऱ्हाईक चार रंगांच्या चार जोड्या घेतं, टाकी रंगीबेरंगी दिसते आणि टायगरची जोडी महिन्याभरात बदनाम होते. दोष माशाचा नाही, हिशेबाचा आहे. भांडखोर म्हणून त्याला परत करण्याऐवजी आणखी सहा-आठ आणावेत, हा सल्ला उफराटा वाटतो पण लागू पडतो. हिरवे आणि अल्बिनो टायगर हे याच जातीचे रंगप्रकार, तेही टोळीत चालतात. एंजल, फायटर, गप्पी आणि गोरामी मात्र यांच्यासोबत ठेवूच नयेत. चपळ झेब्रा डॅनिओ चालतील. सुमात्राचाच क्लाउन लोच यांच्यात छान मिसळतो, पण तो फूटभर वाढतो हे दुकानात कुणी सांगत नाही.

एवढ्या टोळीला धावायला लांबी हवी, उंची नव्हे. तीन फूट लांब आणि सव्वा-सव्वा फूट रुंद-उंच टाकीत जवळपास 130 लिटर पाणी मावतं, तेवढं दहा जणांना पुरतं. काचेचं गोल भांडं हे माशांसाठी घर नव्हेच, याबद्दल माझं मत ठाम आहे. टाकी भरल्या दिवशी मासे सोडू नयेत. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, त्याचं नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये, क्लोरीनने तेच जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळावा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं आणि नव्या पाण्यात अँटीक्लोरीन घालावं.

तापमान 23 ते 26 अंश उत्तम. आपल्याकडे हीटरपेक्षा मे महिन्याचीच काळजी जास्त. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्या दिवसांत एअर पंप बंद ठेवू नये आणि खाणं कमी करावं. खाणं एरवीही दोन मिनिटांत संपेल एवढंच.

तब्येत रंगावरून ओळखता येते. कातडीतल्या पेशींमध्ये काळे कण असतात. मासा घाबरला की ते पेशीच्या मध्याशी गोळा होतात आणि पट्टे फिके पडतात. नवा आणलेला मासा म्हणूनच पिशवीत निस्तेज दिसतो, त्यावरून त्याला आजारी ठरवू नये. स्वस्थ असताना हे डोकं खाली करून तिरके तरंगतात, तेही पाहून दचकायचं कारण नाही. चार दिवसांनीही रंग परतला नाही तर पाणी तपासावं.

मादी एका वेळी काही शे अंडी विखरून टाकते आणि आईबापच ती खाऊ लागतात. तळाशी गोट्या पसरल्या की अंडी फटींत वाचतात, दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

नीट ठेवला तर टायगर सहा वर्षंही जगतो. तेवढ्या काळात बदली होते, घर बदलतं, मुलांची हौस सरते. तेव्हा तो दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला सोपवा, पण नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. उजनी धरणाच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासाही मूळचा शोभेच्या टाकीतलाच आहे.