टाकीचा श्वास

मोटारीची पेट्रोलची टाकी श्वास घेते, असे म्हटले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण एक प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली उघडीच उन्हात तापू द्या. मग बूच घट्ट लावून ती गार पाण्यात धरा. बाटली चेपते. तापताना थोडी हवा बाहेर गेली. थंड होताना तिची जागा घ्यायला बाहेरची हवा आत येऊ शकली नाही. टाकीचेही तसेच आहे. दिवसा तापली की ती हवा व पेट्रोलची वाफ बाहेर सोडते, रात्री हवा आत ओढते.

पूर्वी ही वाफ सरळ वातावरणात जाई. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचे कारण आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने शोधले. पेट्रोलमधील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडले. हा ओझोन फुप्फुसांना अपायकारक असतो. पुढे कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून टाकीची वाफ अडवणे सक्तीचे झाले.

ती अडवायची कशी? त्या काळची फोक्सवागन बीटल घ्या. हिची टाकी पुढे, एंजिन मागे. टाकीतून निघालेली बारीक नळी मागच्या मडगार्डखालील एका डब्यात जाते. डब्यात क्रियाशील कोळसा असतो. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. त्यावर वाफेचे रेणू चिकटून राहतात. याला अधिशोषण म्हणतात. एंजिन सुरू झाले, की ते गार ठेवणारा पंखा डब्यातून ताजी हवा ढकलतो. ही हवा वाफेला सोडवून एंजिनात नेते आणि ती वाफ तेथे जळते.

आज या गाड्या पन्नाशीच्या घरात आहेत. मधल्या काळात एखाद्या मालकाने तो डबा निरुपयोगी समजून काढून टाकलेला असतो. मग गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागतो. अशा वेळी वैद्याप्रमाणे आधी विचारावे : वास केव्हा येतो?

पेट्रोल भरताच येत असेल, तर तोंडापासून टाकीपर्यंतची रबरी नळी तडकलेली असू शकते. गाडी उन्हात उभी केल्यावर येत असेल, तर वाफेच्या नळ्या व डबा पाहावा. सतत येत असेल आणि कोठे ओल दिसत असेल, तर पेट्रोलच गळत आहे. एंजिन मुळीच सुरू करू नये. अमेरिकेत आज पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काही जण उघड्या नळीत बूच ठोकून मोकळे होतात. पण झाकण हवाबंद असेल, तर आता टाकीत हवा यायची कोठून? पंप पेट्रोल ओढतो, आत निर्वात होऊ लागतो आणि एंजिन बंद पडते. उन्हात याच्या उलट होते : दाब वाढून वाफ कमकुवत सांध्यांतून बाहेर पडते. म्हणून खरा उपाय एकच : नळ्या बदलून डबा जागेवर बसवणे.

हे काम उघड्या हवेत, जाणकारानेच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि दूरची एक ठिणगीही तिला पुरते. वास आला की तो कोठून येतो हे शोधलेच पाहिजे. पण काडी ओढून कधीही नव्हे.