काल रात्री काय केलं होतंत?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी ‘काहीही’ नावाची भाजी होते का? आमच्याकडे रोज होते. सकाळी डबे भरता भरता मी विचारते, “अहो, संध्याकाळी काय करू?” वर्तमानपत्राच्या आडून उत्तर येतं, “काहीही कर.” लेकीला विचारावं तर तीही म्हणते, “काहीही चालेल गं आई.” आणि रात्री पानात दुधी दिसला की दोघांचेही चेहरे पाहण्यासारखे होतात! म्हणजे या ‘काहीही’मध्ये दुधी येत नाही, पडवळ येत नाही आणि कालचं उरलेलं तर मुळीच येत नाही. मग येतं तरी काय, ते ओळखायचं काम आपलं.

खरं सांगू? स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही. एकदा ठरलं की हात आपोआप चालतात. कंटाळा आहे तो ठरवण्याचा. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. तिच्यात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तासांना एकच मिनिट कमी, पहा! पण उद्याच्या भाजीचा विचार आपण त्या पाच तासांच्या बाहेरच करत असतो, कधी ऑफिसात फाईल उघडताना, तर कधी लोकलच्या दांडीला लोंबकळताना. तो कुणी मोजायचा?

मी डोंबिवलीची. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात आम्हा पाचजणींचा कोपरा ठरलेला आहे. एक जळगावची, एक मालवणची, एक नागपूरची, मी पुण्याकडची आणि साताऱ्याच्या ताई. वयाने मोठ्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच ताई. बसायला मिळालं की पिशव्यांतून मेथीच्या जुड्या निघतात, मांडीवर वर्तमानपत्र पसरतं आणि दादर येईपर्यंत निम्मी जुडी निवडून होते. जिच्याकडे त्या दिवशी भाजी नसेल ती दुसरीची गवार मोडायला घेते. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेलीही शेंगा सोलते!

या कोपऱ्यात पाककृतींची देवघेव वर्षानुवर्षं चालत आली होती. पण कशाची? पुरणपोळीची, दिवाळीतल्या अनारशांची, नणंदेच्या सासरची माणसं आली तेव्हा केलेल्या पनीरची. रोजच्या जेवणाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. जणू आमच्या घरी रोज पाहुणेच जेवतात!

मग जुलैतल्या एका संध्याकाळी कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये पावसाने गाडी अडकली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. घरी जाऊन काय करायचं ही काळजी प्रत्येकीच्या चेहऱ्यावर. तेवढ्यात जळगावची एकदम म्हणाली, “काल रात्री मी फोडणीचा भात केला होता. परवाही तोच. आज गेल्यावरही तोच करणार आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणा.” क्षणभर सगळ्या गप्प. मग मालवणची म्हणाली, “माझ्याकडे कुळथाची पिठी. आठवड्यातून दोनदा असतेच.” नागपूरचीने मॅगीची कबुली दिली. मी तर पोळीभाजी केंद्रातून भाजी आणून घरच्या पातेल्यात ओतून वाढली होती, तेही सांगून टाकलं. काय हसलो म्हणता! समोरच्या बाकावरच्या अनोळखी बायकासुद्धा आपापलं सांगायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी एक शंभर पानी वही घेऊन गेले. नियम साधेच ठरवले. रोज एकीने वही घरी न्यायची आणि आदल्या रात्री खरोखर जे केलं तेच लिहायचं. पाहुण्यांसाठी केलेलं चालणार नाही. किती वेळ लागला आणि घरात काय नव्हतं तेही लिहायचं. शेवटी ‘घरच्यांचा शेरा’ असा एक रकाना, तो मात्र शब्दशः!

पहिलं पान मालवणचीचं. कुळथाचं पीठ तीन मोठे चमचे, ते गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. तेलात ठेचलेला लसूण चांगला लाल होऊ द्यायचा, कांदा परतायचा, तिखट घालून दोन वाट्या पाणी ओतायचं आणि पाण्याला आधण आलं की कालवलेलं पीठ, मीठ आणि दोन आमसुलं. वेळ दहा मिनिटं. घरच्यांचा शेरा: ‘नवरा: बरी. सासरे: अजून आहे का?’

नागपूरचीने डाळभाजी लिहिली. तुरीची डाळ, पालक आणि भिजवलेले शेंगदाणे एकत्र शिजवायचे, डाळ घोटायची आणि वरून लसूण व सुक्या लाल मिरचीची चरचरीत फोडणी. आम्ही पुण्याकडचे पालक ताकात शिजवतो आणि वर चिमूटभर साखर घालतो. ती साखर ऐकून तिने जो कपाळाला हात लावला, तो ठाणं येईपर्यंत काढला नाही.

जळगावचीची शेवभाजी मी लगेच करून पाहिली. तिची युक्ती अशी, की भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं आणि लसूण यांचं वाटण रविवारी करून फ्रीजमध्ये ठेवायचं. मग आठवड्यात कधीही तेलावर वाटण परतायचं, काळा मसाला आणि पाणी घालून उकळी आणायची, झाली भाजी. शेव मात्र पानात वाढतानाच घालायची. ती ओळ मी वाचलीच नाही! सगळी शेव उकळत्या रश्शात टाकली आणि पंधरा मिनिटांनी लापशी वाढली. शेरा वहीत आहे, इथे लिहीत नाही.

वरणात कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडून उकळायचे, त्याला मी वरणफळं म्हणते, ताई चकोल्या म्हणतात आणि जळगावची डाळफळं म्हणते. भांडण आठवडाभर पुरलं. पण त्या आठवड्यात तिघींच्या घरी तेच शिजलं हेही खरं.

तुम्ही म्हणाल, यासाठी वही कशाला, पुस्तकं आहेत की. आहेत ना! लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. ‘रुचिरा’ची आईची प्रत माझ्याकडे आहे, तिची निम्मी पानं तेलाने पारदर्शक झाली आहेत. पण पुस्तकाला हे ठाऊक नसतं, की आज फ्रीजमध्ये अर्धाच फ्लॉवर आहे, खोबरं संपलंय आणि गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. ते मैत्रिणीला ठाऊक असतं. कारण ती त्याच गाडीत असते.

आता ताईंचं सांगते. वही ताईंकडे पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी एकच शब्द लिहून आणला: ‘दूध-पोळी’. आम्हाला वाटलं, दमल्या असतील. दुसऱ्या फेरीलाही दूध-पोळी. तिसऱ्या वेळी वही उघडली आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

ताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा बंगळुरूला. “एका जिवासाठी कुठे कुकर लावायचा गं? केंद्रातून दोन पोळ्या घेते, दूध असतंच,” त्या म्हणाल्या. रोज आमच्या शेजारी बसून त्या आमची मेथी निवडत होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या पिशवीत भाजी नाही हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. स्टेशनचा जिना चढताना त्या मध्येच थांबत. ते मात्र आम्ही पाहिलं होतं आणि वयावर घातलं होतं.

नागपूरचीने त्यांना बळेबळेच रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ. बायकांमध्ये ते निदान बारा तरी हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. ताई छप्पन्न वर्षांच्या, म्हणजे त्या मोजणीत धरल्याही गेल्या नसत्या! पाळी गेल्यानंतर एवढं रक्त कमी असेल तर ते पोटातून कुठे जात नाही ना, हे पाहावं लागतं. डॉक्टरांनी त्या तपासण्या करून घेतल्या. सुदैवाने तसं काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर बजावलं, नीट जेवा.

आम्ही काय केलं असेल? डबे! सोमवारी माझा, मंगळवारी जळगावचीचा. आठ दिवस ताईंनी मुकाट्याने घेतले. नवव्या दिवशी रिकामा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “आता पुरे. रोज कुणाचा तरी डबा आला की मी आजारी आहे असंच वाटत राहतं. मला जेवण नको, उद्या मी काय करू ते सांगा.”

चूक आमची होती. पण एकटीचा स्वयंपाक कसा करायचा, हे आम्हा चौघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आमची सगळी मापं चार माणसांची! मग वहीची शेवटची पानं ‘एका माणसाचं’ म्हणून वेगळी काढली आणि डोकी चालवली.

रविवारी सकाळी अर्धी वाटी मूग भिजत घालायचे, रात्री फडक्यात बांधायचे. सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि चांगले दीड-दोन वाट्या होतात. त्यातल्या निम्म्यांची सोमवारी उसळ. उरलेले फ्रीजमध्ये. मंगळवारी मूठभर वाफवून त्यात कांदा-टोमॅटो, बुधवारी राहिलेले खिचडीत. एकदाच भिजवलं, पण तिन्ही दिवस चव वेगळी. डाळभाजी करायची तर चतकोर वाटी डाळीची करायची. ती उरलीच तर दुसऱ्या दिवशी तिच्यातच कणीक भिजवून पराठे लाटायचे, पाणी घालावं लागत नाही. छोटा दोन लिटरचा कुकर ताईंनी माळ्यावरून काढला. खाली मूठभर तांदूळ, वरच्या वाटीत दोन चमचे डाळ, एकाच शिट्टीपाण्यात दोन्ही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला जरा जड. त्यावर लिंबू पिळलं तर बरंच सोपं होतं. उलट जेवल्या जेवल्या चहा घेतला की ते अडतं. ताईंचा जेवणानंतरचा चहा सोडवताना आम्हाला जेवढा त्रास झाला तेवढा डॉक्टरांनाही झाला नसेल. शेवटी तासाभराने घ्यायचा, यावर तडजोड झाली.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराला टेकलं. ताई म्हणतात गोळ्यांनी, आणि डॉक्टरही तेच म्हणतात. आम्ही वाद घालत नाही. जिन्यात मात्र त्या आता आमच्यासाठी थांबतात.

गेल्या महिन्यात ताईंनी वहीत लिहिलं: ‘गुरुवार. चकोल्या, एका माणसाच्या. वीस मिनिटं. घरात कोथिंबीर नव्हती. घरच्यांचा शेरा: मीठ कमी. पण भांडं पुसून खाल्लं.’ खाली जळगावचीने पेन्सिलीने ‘डाळफळं’ अशी दुरुस्ती केली आहे.

वही सध्या मालवणचीकडे आहे आणि ती गणपतीला गावी गेली आहे. तोवर आमचं तोंडीच चाललंय. काल रात्री मी पडवळाची पीठ पेरून भाजी केली होती. चेहरे व्हायचे तसेच झाले, पण मागे काही उरलं नाही. तुम्ही काय केलं होतंत?