झाकलेल्या बाटलीची पारख

युरोपातील द्राक्षमळ्यांत तोडणीची धांदल भाद्रपद-आश्विनात उडते. नाशिक जिल्ह्यात मात्र एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार करावयाची आणि पावसाळा ओसरल्यावर गोडी छाटणी करून फळ धरावयाचे, असा दुहेरी क्रम असल्यामुळे वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या महिन्यांत उतरतात, आणि म्हणूनच दिवाळीच्या सुमारास दुकानात येणारी त्या सालची पांढरी वाइन अवघी सात-आठ महिन्यांची, ऐन उमेदीतली असते. स्वस्त वाइनच्या पारखीला याहून योग्य काळ नाही, कारण अशी वाइन वर्षानुवर्षे साठविण्यासाठी केलेलीच नसते. बाटलीवरील सालाची वा महिन्याची खातरजमा करून जी ताजी असेल ती घ्यावी, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली, ती कितीही नावाजलेली असो, तिथेच ठेवावी.

१९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन काढली, नव्वदीच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ ‘सुला’ उभी केली, आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची तजवीज केली. या खटाटोपाचे फळ असे की, हजार रुपयांच्या आतबाहेर किमतीच्या निरनिराळ्या जातींच्या बाटल्या आज मध्यम उत्पन्नाच्या घरातही, परवान्याचा शिरस्ता पाळून, येऊ शकतात. त्यांतली चांगली कोणती, हे ठरविण्याचे साधन मात्र बहुतेकांपाशी किमतीवाचून दुसरे नसते.

किंमत हा साक्षीदार विश्वसनीय नव्हे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा देण्यात आली, एकदा जशीच्या तशी व एकदा गंधहीन लाल रंग घालून; आणि त्या शिकलेल्या नाकांनीही रंगविलेल्या पेल्याचे वर्णन लाल वाइनला लावावयाच्या शब्दांनीच केले. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकाच वाइनला दोन वेगळ्या किमती सांगितल्या, तेव्हा महागड्या नावाखालची वाइन चाखणाऱ्यांना अधिक रुचली. जिथे डोळा आणि कान जिभेला इतक्या सहजी वश करतात, तिथे नाव व किंमत झाकून, दोन-तीन पेले शेजारी-शेजारी ठेवूनच निवाडा करणे न्याय्य होय. एकट्या बाटलीविषयी दिलेले मत बहुधा त्या संध्याकाळच्या मनःस्थितीचे मत असते.

घरी याची व्यवस्था अवघड नाही. एकाने आतल्या खोलीत बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यांवर क, ख, ग अशी अक्षरे घालावी, दुसऱ्याने त्या बाहेर आणून ओताव्या, आणि चाखणाऱ्यांपैकी कोणालाही तपशील कळू देऊ नये. पेले एकाच घाटाचे, तोंडाशी निमुळते असावे. आंतरराष्ट्रीय प्रमाणातील चाखण्याचा पेला सुमारे २१५ मिलिलीटरचा असतो आणि त्यात ५०च मिलिलीटर ओततात, कारण उरलेली पोकळी वासासाठी हवी असते. लाल वाइन घरातील सामान्य तापमानाला द्यावी हा संकेत युरोपातील थंड घरांचा आहे. आपल्या तीस अंशांच्या खोलीत ती नुसती मद्यार्काने उग्र लागते, म्हणून तिला फ्रिजमध्ये ठेवून सोळा-अठरा अंशांपर्यंत आणावे. शेजारी एक तस्त असावे व घोट त्यात थुंकण्याचा संकोच कोणी धरू नये. जीभ शेवटच्या पेल्यापर्यंत शाबूत राहते ती त्यामुळेच. माझा आग्रह मात्र आणखी एका गोष्टीचा आहे: एकच वाइन दोन अक्षरांखाली द्यावी. तीन पेल्यांत दोन सारखे असता वेगळा पेला ओळखणे हे तीनातून एकदा निव्वळ योगायोगानेही साधते, परंतु सलग तीनदा साधण्याचा संभव सत्तावीसात एक; तेवढी कसोटी उतरणाऱ्याचे मत मी आदराने ऐकतो.

वासाची भाषा मात्र आपली आपणच घडवावी. डेव्हिस येथील विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे जे चक्र रचले ते मोलाचे खरे, पण ज्याने ब्लॅककरंट कधी हुंगलेच नाही त्याने तो शब्द वहीत लिहून काय साधणार? सॉव्हिन्यॉन ब्लांकचा पेला हलवून नाकाशी धरला की आधी पिकू लागलेला पेरू येतो आणि त्यामागून नुकत्या चिरलेल्या ढोबळी मिरचीची हिरवी तिखट झुळूक. शेनिन ब्लांक त्या मानाने सौम्य, पिकल्या फळांच्या अंगाची. शिराझमध्ये पुष्कळदा काळ्या मिऱ्यांचा वास येतो व तो भास नव्हे: मिऱ्यांना त्यांचा वास देणारे रोटंडोन हे द्रव्यच त्या द्राक्षाच्या सालीत असते, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवून दिले. विशेष हे की, सुमारे पाचांतील एका माणसाला हे द्रव्य मुळीच जाणवत नाही. तेव्हा एकाच मेजावर एकजण मिऱ्यांची शपथ घेतो आणि दुसरा ती साफ नाकारतो, तरी दोघांचीही कैफियत खरी असू शकते. साल व बिया यांतून उतरणारा तुरटपणा लाळेतील प्रथिनांना धरून बसतो आणि जांभूळ खाल्ल्याप्रमाणे तोंड आवळते. तो खडबडीत आहे की मुलायम, हे मी वासापेक्षाही काळजीपूर्वक पाहतो, कारण स्वस्त लाल वाइनचा दर्जा तिथेच उघडा पडतो.

चाखणे आटोपेपर्यंत फराळाचे ताट दूर ठेवावे. करंजीचा एक घास पोटात गेला की तीच वाइन आंबट व रोडावलेली लागते, आणि चिवड्यातील मिरचीने मद्यार्काचा दाह वाढतो. मधे तोंड साफ करण्यास पाणी आणि बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा पुरे. सहाजण असले तर बहुतेक बाटल्यांत निम्म्याहून अधिक वाइन उरते; ती ३७५ मिलिलीटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, तेच अक्षर घालून, फ्रिजमध्ये ठेवावी व दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखावी. आदल्या दिवशी दबलेली लाल वाइन ओतताना लागलेल्या हवेने कधी खुलते, आणि केवळ वासावर बाजी मारलेली एखादी पांढरी सपक पडते. म्हणून अखेरचा क्रम दुसऱ्या दिवशीच वहीत रुजू करावा, आणि वर्तमानपत्र फाडून नावे व किमती त्यानंतर वाचाव्या.