कोरी राहिलेली डावी बाजू

जर्मन चित्रकार आंटोन रेडरशाइट यांना १९६७मध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरच्या पहिल्या आत्मचित्रांत कागदाची डावी बाजू जवळपास कोरीच होती. पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू भरत गेली. अशा वेळी डोळे शाबूत असतात, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. रुग्ण ताटातलं डावीकडचं जेवण तसंच ठेवतो. (घरच्यांना वाटतं, भूक मेली!) घड्याळ काढायला सांगितलं, तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. पुनर्वसनाच्या सत्रात म्हणूनच कागदाच्या डाव्या कडेला ठळक लाल रेघ मारून तिथून सुरुवात करायला लावतात. रेडरशाइट रंगांमुळेच सावरले, असं मात्र म्हणवत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो.